मुळावर उभा राहणारा दात : खुंटी-गाभ्याचा इतिहास आणि जामचा चौरस्ता

दाताचा हिरडीबाहेर दिसणारा भाग किडीने किंवा आघाताने जवळजवळ नाहीसा झाला, तरी जबड्याच्या हाडात रुतलेले मूळ पुष्कळदा शाबूत असते, आणि अशा शिल्लक मुळाच्या आधारावर नवा दात उभा करता येईल काय, हा प्रश्न दंतवैद्यक गेली सुमारे तीनशे वर्षे सोडवीत आले आहे. आजच्या दवाखान्यात त्याचे उत्तर ‘पोस्ट अँड कोअर’ या नावाने ओळखले जाते. मुळातील नस, म्हणजे दंतमज्जा, काढून तिची नलिका स्वच्छ करून बंद केली की नलिकेच्या वरच्या भागात एक बारीक खुंटी बसवितात, ती पोस्ट होय; खुंटीच्या बाहेर राहिलेल्या टोकाभोवती घासलेल्या दाताच्या आकाराचा जो बुंधा उभारतात तो कोअर, म्हणजे गाभा; आणि या गाभ्यावर अखेरीस कॅप चढविली जाते. या तंत्राचा इतिहास बहुधा सोने, लाकूड, पोलाद आणि काचतंतू अशा साहित्याच्या क्रमाने मांडण्यात येतो. तो क्रम खरा असला तरी त्याच्या पोटात एका समजुतीच्या निरसनाची कथा दडलेली आहे: खुंटीमुळे दाताला बळ येते ही ती समजूत, आणि ती सुटायला अडीचशे वर्षे लागली.

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव या इतिहासाच्या कोणत्याही ग्रंथात येत नाही. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ७ आणि आताचा क्रमांक ४४, येथून हिंगणघाटकडे उतरतो आणि चंद्रपूरकडे जाणारा रस्ता याच ठिकाणी त्याच्यापासून फुटतो. त्यामुळे गावापेक्षा चौरस्त्याचेच नाव प्रवाशांच्या तोंडी अधिक आहे. परंतु मोडका दात काढायचा की राखायचा, याचा निर्णय शोधाच्या जागी होत नाही, तो अशा चौरस्त्यांवर होतो. दवाखाना किती अंतरावर आहे, किती खेपा घालाव्या लागतील आणि कापूस वेचणीच्या दिवसांत किती मजुरी बुडेल, या हिशेबावर तो ठरतो. म्हणून तंत्राच्या प्रत्येक टप्प्याकडे जामसारख्या ठिकाणाहून पाहिले, तर काही टप्पे ग्रंथांत दिसतात त्यापेक्षा मोठे आणि काही लहान वाटू लागतात.

दात राखण्याचा विचार भारतीय वैद्यकाला नवा नव्हता. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या पासष्ट दिली असून किडलेल्या दातासाठी ‘कृमिदन्तक’ ही स्वतंत्र संज्ञा आहे. हलणारा दात उपटून ती जागा डागावी असे सांगणाऱ्या याच संहितेत वरच्या जबड्याचा दात, तो हलत असला तरी, वैद्याने काढू नये असा निषेधही आढळतो, कारण त्यानंतरच्या अतिरक्तस्रावाने डोळा जाण्याचे आणि तोंड वाकडे होण्याचे भय वर्णिलेले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात किडीने पोखरलेल्या दाताची पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून डागण्याचा उपाय येतो. दाताच्या पोकळीत काही तरी भरून आतली वेदना शमविण्याचा हा प्रयत्न होता. मात्र मुळाच्या आत आधार रोवून त्यावर नवा दात उभारण्याची कल्पना या परंपरेत दिसत नाही.

ती कल्पना सुस्पष्ट रूपात लिहून ठेवण्याचे श्रेय फ्रेंच दंतचिकित्सक पिएर फोशार यांना दिले जाते. १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात सोन्याच्या किंवा चांदीच्या खुंट्या मुळात बसवून त्यांवर दात अडकविण्याची रीत आली आहे, आणि खुंटी पक्की राहावी म्हणून उष्णतेने मऊ होणाऱ्या राळेसारख्या चिकट द्रव्याचा वापर सांगितला आहे. असे दात पंधरा-वीस वर्षेही जागचे हलत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. १७४६ साली क्लोद मुतोँ यांनी सोन्याची खुंटी आणि सोन्याचे शिखर, म्हणजे कॅप, एकत्र जोडण्याचे वर्णन केले. या दोन नोंदींत पुढील अडीचशे वर्षांचा आराखडा जवळजवळ पूर्ण झालेला दिसतो. उणीव होती ती मुळाच्या आत काय चालते याच्या ज्ञानाची.

एकोणिसाव्या शतकात धातूची जागा लाकडाने घेतली, कारण लाकूड स्वस्त होते, सहज तासता येत असे आणि एका विशेष गुणामुळे ते आदर्शच वाटले. कोरडी लाकडी खुंटी नलिकेत ठोकली की तोंडातील ओलाव्याने ती फुगत असे आणि फुगून घट्ट बसत असे. दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या पाथरवटाला या घट्टपणाचा अर्थ सांगावा लागला नसता. दगडाला पाडलेल्या छिद्रांत वाळलेल्या लाकडाच्या पाचरी ठोकून त्यांवर पाणी ओतले की दगड सरळ रेषेत दुभंगतो, ही युक्ती फार जुनी आहे, आणि मुळाचे झाले ते नेमके हेच. मुळे उभी फाटत, आणि उभे फाटलेले मूळ तेव्हाही सांधता येत नव्हते आणि आजही येत नाही. दुसरे संकट पुवाचे होते. नलिका न शोधता, न धुता तिच्यात खुंटी ठोकल्यावर आत कोंडलेला संसर्ग वाट शोधत असे, म्हणून काही चिकित्सक खुंटीत किंवा नलिकेच्या कडेला बारीक खाच ठेवीत, जेणेकरून दूषित द्रव बाहेर झिरपावा. दात टिकविण्याच्या उपायातच त्याच्या सडण्याची सोय करून ठेवावी लागणे हे त्या काळाच्या ज्ञानाची मर्यादा दाखविते, त्या चिकित्सकांच्या कष्टांची नव्हे. १८४९ साली इंग्लंडमधील जॉन टोम्स यांनी खुंटीची लांबी आणि जाडी यांविषयी जी तत्त्वे मांडली, ती आजच्या पाठ्यपुस्तकांतील नियमांच्या आश्चर्यकारक रीतीने जवळ आहेत.

१८६७ च्या सुमारास दंतचिकित्सक बोमन यांनी मुळाची नलिका गटापर्चाने भरण्यास प्रारंभ केला. गटापर्चा म्हणजे मलायातील एका झाडाचा घट्ट झालेला चीक. तापविल्यावर तो मऊ होतो आणि थंड झाल्यावर आकार धरून ठेवतो. खुंटीच्या इतिहासात या चिकाचे महत्त्व खुंटीइतकेच आहे, कारण मुळाच्या टोकाशी चार ते पाच मिलिमीटर गटापर्चा अखंड राहिला तरच वरच्या खुंटीला अर्थ असतो. १८७८ साली रिचमंड यांचे शिखर आले. आरंभी त्यात नलिकेत बसविलेल्या आटेदार नळीत स्क्रूने कॅप आवळण्याची योजना होती, पुढे खुंटी आणि कॅप मिळून एकच अखंड वस्तू झाली, आणि अनेक दशके तिचा मोठा बोलबाला राहिला. परंतु कॅप झिजली किंवा तिचा चिनीमातीचा दर्शनी भाग तुटला की खुंटीसह सारेच उपसावे लागे, आणि त्या उपसण्यात मूळ जाई. खुंटी-गाभा वेगळा आणि कॅप वेगळी, ही आजची विभागणी या गैरसोयीतून जन्मली.

विभागणी शक्य झाली ती ओतकामामुळे. १९०७ साली अमेरिकेतील विल्यम टॅगर्ट यांनी मेणाच्या नमुन्याभोवती साचा घालून, मेण जाळून त्या पोकळीत सोने ओतण्याची पद्धत दंतवैद्यकात रूढ केली. मराठी वाचकाला ही पद्धत अपरिचित वाटण्याचे कारण नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, ज्यात जुन्या मराठीतील पद्यरचनाही जतन झाल्या आहेत, ‘मधूच्छिष्टविधान’ या नावाने मेणाच्या नमुन्यावरून मूर्ती ओतण्याची हीच क्रिया सविस्तर दिली आहे. जे तंत्र देवमूर्तीसाठी वापरले जात होते, त्याच तंत्राने आता मुळाच्या नलिकेचा हुबेहूब ठसा धातूत उतरू लागला. प्रत्येक मुळाचा आकार निराळा असल्याने तयार खुंटीपेक्षा ओतीव खुंटी अधिक नेमकी बसत असे.

मात्र याच सुमारास मूळ राखण्याच्या कल्पनेवरच मोठे मळभ आले. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने मॉन्ट्रियल येथील व्याख्यानात सोन्याच्या सुबक कामाखाली साचलेल्या पुवावर कठोर टीका केली, आणि तोंडातील लपलेला संसर्ग साऱ्या शरीरात रोग पसरवितो हा ‘केंद्रस्थ संसर्गा’चा सिद्धांत पुढील दोन-तीन दशके प्रभावी ठरला. त्या भीतीपोटी अमेरिका व युरोपमध्ये वाचविता आले असते असे असंख्य दात उपटले गेले. हंटर यांचे निरीक्षण खोटे नव्हते, कारण त्यांच्यासमोर आलेले काम खरोखरच अस्वच्छ होते. चूक निष्कर्षात होती, कारण अस्वच्छ काम सुधारण्याऐवजी मूळ राखण्याचे धोरणच टाकून देण्यात आले. क्ष-किरणांनी नलिकेचे चित्र दिसू लागले, जंतुनाशक धुण्याच्या पद्धती स्थिरावल्या, आणि १९६५ साली काकेहाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतुविरहित उंदरांवरील प्रयोगांतून दंतमज्जा उघडी पडूनही जंतू नसतील तर ती सडत नाही हे दाखविले, तेव्हा तो वाद शास्त्रीय पातळीवर मिटला.

भारतातील दंतशिक्षणाची पायाभरणी नेमकी या मळभाच्या काळात झाली. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात दंत महाविद्यालय सुरू केले, मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली आणि शासकीय दंत महाविद्यालय १९४५ साली उभे राहिले. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदवही दोन भागांत विभागली: पहिल्या भागात मान्य पदवीधारक आणि दुसऱ्या भागात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षे याच व्यवसायावर उपजीविका केलेले लोक. हा दुसरा भाग त्या काळाचे खरे चित्र दाखवितो, कारण देशभर दात पाहणाऱ्यांमध्ये गुरूच्या हाताखाली शिकलेलेच बहुसंख्य होते, आणि खेड्यांत तर जडीबुटी विकणारा फिरता वैदू हाच अनेकांचा दंतवैद्य होता. १९३६ पासून वर्ध्याजवळ सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहिलेले महात्मा गांधी उतारवयात कवळी वापरीत. साऱ्या जगाचे लक्ष असलेल्या आणि पथ्य-आहाराचे प्रयोग करणाऱ्या व्यक्तीच्याही बाबतीत गेलेल्या दातांचा शेवट कवळीतच होत असे, यावरून त्या पिढीच्या अपेक्षांचा अंदाज येतो. दात दुखला की काढायचा, बरेच गेले की कवळी करायची. शिल्लक मूळ ही वस्तू हिशेबात धरलीच जात नसे.

विदर्भात हा हिशेब बदलण्यास संस्था लागल्या. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ साली सुरू झाले आणि वर्ध्यालगतच्या सावंगी (मेघे) येथे शरद पवार दंत महाविद्यालय १९९१ साली. जामच्या चौरस्त्यावरून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटरवर आणि वर्धा त्याहून जवळ असल्याने, एका पिढीच्या अवधीत मुळाची नस काढून दात राखण्याचा उपचार दोन्ही बाजूंना एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात आला. ‘रूट कॅनाल’ हा शब्द मराठी बोलीत रुळला, आणि ‘नस मारून कॅप बसविणे’ हा पर्याय ‘दाढ उपटून टाकणे’ याच्या बरोबरीने घरात चर्चिला जाऊ लागला. तरीही मोडक्या दाताची अडचण सुटली नव्हती. ओतीव खुंटीसाठी पहिल्या खेपेत नलिकेचा ठसा घ्यावा लागतो, तो प्रयोगशाळेत जातो, ओतकाम होऊन येते आणि मग दुसऱ्या खेपेत खुंटी बसते. कॅपसाठी आणखी ठसा, आणखी खेप. शहरात राहणाऱ्या रुग्णाला हा विलंब त्रासदायक असतो, तर रोजंदारीवर जगणाऱ्याला तो उपचार सोडून देण्यास पुरेसा असतो. मधल्या काळात तात्पुरते भरलेले छिद्र उघडे पडले, तर लाळेबरोबर जंतू पुन्हा नलिकेत उतरतात आणि सारे श्रम वाया जातात.

याच दशकांत पाश्चात्त्य प्रयोगशाळांत जुन्या समजुतीची तपासणी चालू होती. नस काढलेला दात कोरडा व ठिसूळ होतो, म्हणून त्याच्या आत गजासारखी खुंटी घालून त्याला बळकट केले पाहिजे, हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले होते. १९८४ साली सोरेन्सन आणि मार्टिनॉफ यांनी नस काढलेल्या १,२७३ दातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा खुंटीमुळे दाताला बळकटी आल्याचे दिसले नाही. मागच्या दाढांना मात्र कॅपचा स्पष्ट लाभ झाला होता. १९८९ साली रीह व सहकाऱ्यांनी मोजले की नस काढण्यासाठी पाडलेल्या छिद्राने दाताचा ताठपणा केवळ ५ टक्क्यांनी घटतो, परंतु चावण्याच्या पृष्ठासह दोन्ही बाजूंच्या कडा गेल्या तर तो ६३ टक्क्यांनी घटतो. दात दुबळा होतो तो नस गेल्याने नव्हे, भिंती गेल्याने, हे या आकड्यांनी निर्विवाद केले. खुंटीसाठी नलिका अधिक रुंद करणे म्हणजे उरलेल्या भिंतीच पोखरणे होय. खुंटीचे काम गाभ्याला धरून ठेवण्याचे आहे. गाभा अन्य मार्गाने टिकत असेल, तर खुंटी न घालणेच श्रेयस्कर. १९८० साली नय्यर व सहकाऱ्यांनी दाढेच्या नस-कोठडीत आणि नलिकांच्या तोंडाशी चांदीचे मिश्रण ठासून खुंटीविना गाभा उभारण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तिच्यामागे हाच विचार होता.

बळ कोठून येते, याचे उत्तर अखेरीस हिरडीच्या काठाशी सापडले. कॅपची कडा गाभ्यावर न थांबता त्याच्याही खाली उतरून खऱ्या दाताच्या उभ्या भिंतीला सर्व बाजूंनी किमान दीड ते दोन मिलिमीटर कवटाळत असेल, तर मूळ फाटण्याचा धोका लक्षणीय कमी होतो. याला इंग्रजीत जे नाव आहे ते काठीच्या किंवा हत्याराच्या मुठीच्या टोकाला बसविलेल्या धातूच्या कड्याचे आहे, आणि मराठीत त्यासाठी ‘शेंबी’ हा नेमका शब्द पूर्वीपासून आहे. वर्धा-हिंगणघाटच्या कापूस पट्ट्यात बैलगाडीच्या लाकडी चाकावर तापवून चढविली जाणारी लोखंडी धाव हेच काम करीत असे. गार होताना ती आवळे आणि आरे, पुठ्ठे व तुंबा एकमेकांना धरून राहत. चाक वाचते ते बाहेरून आवळल्याने, त्याच्या मधोमध जाड लोखंड ठोकल्याने नाही. फोशारपासून रिचमंडपर्यंत सर्वांनी आतल्या आधारावर जी बुद्धी खर्च केली, तिचा काही अंश या बाहेरच्या कड्यावर आधीच वळला असता तर असंख्य मुळे वाचली असती, असे म्हणण्यास आधार आहे.

या समजेच्या पाठोपाठ नवे साहित्य आले. १९५५ साली ब्युओनोकोर यांनी आम्लाने दाताचे कवच खरखरीत करून त्यावर राळ चिकटविण्याची वाट उघडली होती आणि १९८२ मध्ये जपानमधील नाकाबायाशी यांनी कवचाखालच्या डेंटिनमध्ये राळ मुरून तयार होणारा मिश्र थर दाखविला. त्यामुळे खुंटी ठोकून किंवा आटे पाडून घट्ट करण्याची गरज सरली व ती चिकटविता येऊ लागली. १९९० च्या सुमारास फ्रान्समध्ये ड्यूरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बनतंतूंची खुंटी आणली, आणि तिच्या काळ्या रंगामुळे लवकरच पांढऱ्या काचतंतूंच्या खुंटीने तिची जागा घेतली. पोलाद डेंटिनपेक्षा सुमारे दहापट ताठ असल्याने चावण्याचा सारा जोर खुंटीच्या टोकाशी एकवटतो आणि मूळ खोलवर फुटते; काचतंतूची खुंटी डेंटिनच्या जवळपास लवचीक असल्याने ती बहुधा स्वतः सुटते किंवा मोडते, आणि मूळ पुन्हा वापरता येते. जामसारख्या ठिकाणाहून पाहता तिचा दुसरा गुण याहूनही मोठा ठरतो: ठसा आणि प्रयोगशाळा यांची गरज नसल्याने खुंटी आणि गाभा एकाच बैठकीत पूर्ण होतात. तंत्राच्या इतिहासात ही गोष्ट सोयीची म्हणून एका ओळीत आटोपली जाते, परंतु मजुरी बुडविल्याशिवाय दवाखान्यात येऊ न शकणाऱ्या माणसाच्या दृष्टीने टॅगर्टच्या ओतकामानंतरचा हाच सर्वांत मोठा बदल आहे.

पुढील अडचण साहित्याने सुटणारी नाही. विदर्भात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा तरुण वयापासून चघळला जातो. कठीण सुपारीने दातांचे कवच झिजते, कडा तुटतात आणि मुळावर सतत जोर पडून ती तडकतात. त्याहून गंभीर म्हणजे सुपारीमुळे गालाच्या आतील पडद्याखाली तंतुमय पेशीजाल साचून तो ताठ होतो, तोंड उघडण्याचे अंतर वर्षागणिक कमी होत जाते, आणि ही स्थिती कर्करोगाची पूर्वावस्था मानली जाते. नलिका साफ करण्याच्या नेहमीच्या सुया २१ व २५ मिलिमीटर लांबीच्या असतात, त्यांची मूठ आणि धरणारी बोटे निराळी. दात घासणारे यंत्र आडवे-उभे फिरण्यासही जागा लागते. जिथे दोन बोटेही शिरत नाहीत अशा तोंडात मागच्या दाढेचे मूळ क्ष-किरण चित्रात कितीही निरोगी दिसले, सर्व बाजूंनी दोन मिलिमीटर भिंत उरलेली असली आणि काचतंतूची खुंटी समोरच्या तबकात तयार असली, तरी तिथपर्यंत हात पोहोचत नाही. अशा रुग्णाचा उपचार मग तोंड उघडण्याच्या व्यायामापासून आणि खर्रा सोडविण्यापासून सुरू करावा लागतो, आणि त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात. तोवर त्या मुळावर तात्पुरते आवरण टिकवून धरणे हेच दंतवैद्याचे मुख्य काम होऊन बसते.